स्क्रोल लॉक दोनदा

सकाळी ८.००

गुरुवार म्हटला की सोलापूरच्या अक्कलकोट रोडला उजाडल्यापासून गर्दी. स्वामींच्या दर्शनाला निघालेल्या जीपा, मोटारसायकली, पायी चालणारे, सगळे गावाबाहेर चाललेले. आमच्या शिलाई खात्यातल्या बायका मात्र उलट्या बाजूने येतात, कुंभारीकडून. तिथे कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरं उभी राहिली. त्यातल्या बऱ्याच घरांत आई विड्या वळते आणि लेक एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवते. औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी जाणारे आणि येणारे एकमेकांत घुसतात आणि रिक्षावाले दोघांनाही हॉर्न मारतात.

मी टेरी टॉवेलच्या कारखान्यात डिझायनर आहे. माझी खोली मागांच्या शेडला लागून, जिना चढून वर. खाली रॅपियर माग चालू असले की टेबलावरच्या चहावर बारीक लाटा उठतात. टेबलावर तीन पडदे आहेत, कीबोर्ड एक आणि माऊस एक. नवा माणूस आला की पहिल्यांदा हेच विचारतो, की बाकीचे दोन कीबोर्ड कुठे गेले? ते कपाटात आहेत. का आहेत, हे सांगायला दिवस जाईल.

८.१५

मधला संगणक नवा, विंडोज ११ चा. खरेदीदाराचे ईमेल, चित्रं साफ करणं, रंग कमी करणं हे सगळं त्याच्यावर. उजवीकडचा छोटा डबा नव्या मागांना नेटवर्कवरून डिझाईन पाठवतो आणि कुठला माग किती वेळ बंद होता, तेही दाखवतो. डावीकडचा मात्र म्हातारा आहे: विंडोज एक्सपी, चौकोनी पडदा, मागे प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टमध्ये खोचलेलं एक बोटभर कुलूप. त्याला आम्ही सगळे डोंगल म्हणतो. जकार्डचं, म्हणजे मागावरच्या नक्षीचं, डिझाईन करण्याचं सॉफ्टवेअर ते डोंगल दिसल्याशिवाय उघडत नाही. नव्या संगणकाला तसलं पोर्टच नसतं. वेगळं कार्ड बसवून पोर्ट तयार केलं, तरी डोंगलला ते पटेलच असं नाही. ज्यांनी सॉफ्टवेअर विकलं, त्यांचा फोन आता लागत नाही. मायक्रोसॉफ्टने एक्सपीला ८ एप्रिल २०१४ रोजी रामराम ठोकला, पण आमच्या कारखान्यातली कित्येक वर्षांची डिझाईनं त्या एका कुलपामागे आहेत. म्हणून म्हातारा चालू आहे. सोलापुरातच काय, इचलकरंजी किंवा मालेगावच्या डिझाईनच्या खोलीत डोकावलात तरी असा एखादा म्हातारा कोपऱ्यात दिसेल.

चालू करायला क्रम आहे. आधी मधला, कारण कीबोर्ड-माऊसची मालकी त्याची. मग उजवा, शेवटी डावा. उजव्या डब्याला स्वतःचा कीबोर्ड नाही. मधल्या संगणकावरचा माऊस उजव्या कडेला टेकला की मधल्या पडद्यावरून बाण नाहीसा होतो आणि उजव्या पडद्यावर उगवतो. तेव्हापासून टायपिंगही तिकडे. दोन्ही संगणकांवर एकच छोटा प्रोग्राम बसवलेला असतो. एक यजमान, दुसरा पाहुणा. यजमान आपल्या माऊसची हालचाल आणि दाबलेल्या कळा पकडतो आणि नेटवर्कच्या वायरीतून पाहुण्याकडे पाठवतो. पाहुणा समजतो की हे सगळं आपल्याच माऊसने केलं. चित्र कुठेही जात नाही. ज्याचा पडदा त्याचाच राहतो.

सकाळी झाडलोट करताना कुणी पडदे इकडचे तिकडे केले असतील तर मात्र पंचाईत. पडदा टेबलावर कुठे आहे, हे प्रोग्रामला दिसत नाही. उजवीकडे जे नाव लिहून ठेवलंय, तिकडेच तो जाणार. पडदा डावीकडे सरकवला तरी बाण उजव्या भिंतीतूनच बाहेर पडतो. झाडणाऱ्या मावशींना मी सांगून ठेवलंय, धूळ राहिली तरी चालेल, पडदे हलवू नका.

९.३०

आजचं काम एका हॉटेलच्या टॉवेलचं. अंगाचा टॉवेल, पांढऱ्यावर मरून, मधोमध हॉटेलची खूण. खूण आली ती व्हॉट्सअॅपवरून, धुरकट, आणि सोबत नेहमीचा निरोप: जशीच्या तशी पाहिजे.

जशीच्या तशी होत नाही, हे टॉवेल विणणाऱ्याला ठाऊक असतं. टेरीत ताणे दोन असतात. एक जमिनीचा, ताठ, आणि दुसरा लुपाचा, सैल सोडलेला. तीन बाणे घातले की फणी ते एकदम पुढे ठोकते आणि सैल ताण्याचा लूप उभा राहतो. दोन रंगांच्या लुपांपैकी कोणता वर आणि कोणता खाली, हे जकार्ड ठरवतो. म्हणून समोर मरून दिसतं तिथे मागे पांढरं असतं, आणि मागच्या बाजूने वाचलं तर हॉटेलचं नाव आरशातल्यासारखं उलटं. पडद्यावरचा एक चौकोन म्हणजे एक लूप. अक्षराची रेघ एका लुपाची ठेवली तर धुलाईनंतर शेजारचे लूप तिच्यावर झोपतात आणि रेघ गायब होते. ती तीन लुपांची करावी लागते. तशी केली की खरेदीदार म्हणतो, अक्षर जाड झालं.

मधल्या पडद्यावर खुणेचा धुरकटपणा काढला, रंग दोनवर आणले. आता हे डावीकडे न्यायचं. उजवीकडे असतं तर बाण घेऊन गेलो असतो, मजकूर इकडे कॉपी करून तिकडे चिकटवला असता. डावीकडे तसं होत नाही. तिथे मध्ये खोका आहे.

हा खोका दिसायला अगदी साधा. कीबोर्ड आणि माऊस त्याच्यात खोचायचे, आणि त्याच्यातून दोन वायरी दोन संगणकांना. कीबोर्डवरची स्क्रोल लॉकची कळ दोनदा दाबली की कीबोर्ड म्हाताऱ्याचा होतो, परत दोनदा दाबली की मधल्याचा. बाजारात याला केव्हीएम म्हणतात, म्हणजे कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस. पडदाही त्यातूनच फिरवता येतो. सर्व्हरच्या खोल्यांत एका पडद्यावर अख्खी रांग अशीच चालवतात. मी पडद्याची वायर खोक्यात घातली नाही. मधल्यावर चित्र आणि डावीकडे त्याचा आलेख, दोन्ही एकदम डोळ्यांसमोर लागतात. हात एक पुरतो, पण नजरेला दोन्हीकडे जायचं असतं.

म्हाताऱ्यावरही तो प्रोग्रामच का बसवला नाही, असं मालकांच्या पुण्यात शिकणाऱ्या मुलाने विचारलं होतं. एक तर आजच्या आवृत्त्या एक्सपीवर चालत नाहीत. आणि चालल्या असत्या तरी मी बसवला नसता. प्रोग्राम बसवायचा तर म्हातारा नेटवर्कवर आणावा लागतो. ज्या संगणकाच्या दारं-खिडक्या २०१४ पासून कुणी दुरुस्त केल्या नाहीत, तो नेटवर्कवर आला की आज ना उद्या काहीतरी आत शिरणार. खोक्यातून फक्त कळा आणि माऊसची हालचाल जाते, फाईल जात नाही, म्हणून विषाणूही जात नाही. फाईल मी पेन ड्राइव्हवरून नेतो. तो त्याच कामाचा, त्याला लाल दोरा बांधलेला, आणि मधल्या संगणकावर तपासल्याशिवाय डावीकडे लावत नाही. हळू आहे हे मान्य. पण चित्र दिवसाला दोन-चार वेळाच न्यावं लागतं. कळा हजारो वेळा दाबाव्या लागतात.

११.२०

वीज गेली. पूर्ण नाही, डोळा मिचकावल्यासारखी. माग थांबले, खाली एकदम शांत झालं आणि मग मागांची देखभाल करणाऱ्या जॉबरचा आवाज. मधला संगणक यूपीएसवर तगला, म्हातारा पडला.

जुन्या संगणकाची एक गंमत सगळ्यांनी पाहिली असेल. सुरू होताना कीबोर्ड दिसला नाही तर तो पडद्यावर लिहितो, कीबोर्ड सापडत नाही, पुढे जाण्यासाठी एफ-१ दाबा. कशाने दाबा, ते लिहीत नाही. स्वस्तातला खोका घेतला की रोज हेच होतं, कारण कीबोर्ड दुसऱ्या संगणकाकडे वळवलेला असतो आणि पडलेल्याला वाटतं आपल्याला कीबोर्डच नाही. बरा खोका दोन्ही संगणकांना सतत सांगत राहतो की कीबोर्ड आहे, जोडलेला आहे. खरेदी करताना एवढं एकच विचारा. दुकानदाराला कळलं नाही तर खोका घरी नेऊन कीबोर्ड दुसरीकडे वळवा आणि संगणक बंद करून चालू करा, लगेच समजतं. जुन्या गोल पिनांच्या पोर्टवरचे कीबोर्ड तर चालू संगणकातून काढून परत लावले तरी जागे होत नाहीत. ती पद्धत आयबीएमने १९८७ मध्ये आणली आणि तेव्हा चालू यंत्रातून कीबोर्ड उपटेल असा माणूस कुणाच्या मनात नव्हता.

उजवा डबाही थोडा वेळ रुसला. तो वायफायवर असताना हे जास्त व्हायचं. पत्र्याची शेड, मागांच्या मोटारी, वर भिंती. बाण अडखळत अडखळत चालायचा, थांबायचा, आणि मग एकदम तीन उड्या मारून भलत्याच बटणावर. माऊसच्या हालचालीत माहिती फार नसते. साधा माऊस सेकंदाला सव्वाशे वेळा आपण कुठे सरकलो ते सांगतो, तेही मोजक्या आकड्यांत. पण ती वेळेवर पोचली पाहिजे. सिनेमा दोन सेकंद अडला तरी माणूस वाट पाहतो, बाण पाव सेकंद अडला की माणूस माऊस आपटतो. मी सरळ वायर ओढून घेतली.

१२.१५

दाराशी सूचना लावायची होती. दुपारच्या पाळीत धुलाई खात्याची वेळ बदलली, ते मराठीत आणि तेलुगूत. तेलुगू मी लिहीत नाही, वायंडिंग खात्यातले अण्णा हाताने लिहून देतात. मराठी माझ्याकडे.

एका कीबोर्डवरून दोन संगणकांवर इंग्रजी लिहिताना काही अडत नाही. मराठी आली की अडतं. यजमानावर इन्स्क्रिप्टची मराठी चालू आणि पाहुणा इंग्रजीत बसलेला असला की कोणती कळ दाबली आणि कोणतं अक्षर अपेक्षित आहे याचा दोघांत मेळ बसत नाही. काही अक्षरं भलतीच उमटतात, काही उमटतच नाहीत, जोडाक्षरांचे तर हाल. हे प्रोग्राम लिहिणारे इंग्रजी आणि युरोपातल्या भाषांच्या कीबोर्डांवर वाढलेले, त्यांना काना-वेलांटीचा त्रास कसा कळणार. यावर माझा उपाय गावठी आहे. मराठी फक्त मधल्यावर लिहायची, कॉपी करायची, बाण पलीकडे न्यायचा आणि चिकटवायची. युनिकोड मजकूर शाबूत पोचतो.

लेबलं छापणाऱ्याकडे मात्र तेही चालत नाही. त्याला मजकूर श्री-लिपीत हवा असतो, पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या जुन्या फाँटमध्ये. त्याच्याकडे गेलेलं युनिकोड चौकटी-चौकटी होतं. इन्स्क्रिप्टला १९९१ पासून भारतीय मानक आहे आणि युनिकोड तर जगभर आहे, तरी सोलापुरात पाकिटावरचा ‘अस्सल’ हा शब्द अजून श्री-लिपीतच छापला जातो.

१.३०

कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. जेवायला जॉबर मामा वर येतात, कारण माझ्याकडे कूलर आहे. उन्हाळ्यात सोलापूर चाळिशी ओलांडतं तेव्हा पत्र्याखाली जेवायला कुणाला आवडेल?

मामा पंचकार्डाच्या काळातले. तेव्हा डिझायनर आलेख कागदावर रंगवायचा, मग एक जण पियानो मशीनवर बसून पुठ्ठ्यांना भोकं पाडायचा, पेटी वाजवल्यासारखं, आणि दुसरा ते पुठ्ठे दोरीने ओवायचा. एका बाण्याला एक पुठ्ठा. मोठ्या चादरीच्या पुठ्ठ्यांची माळ मागावर चढवायला दोन माणसं लागायची. एक पुठ्ठा उलटा ओवला तर तो दोष प्रत्येक चादरीत, त्याच जागी. ही युक्ती फ्रान्समध्ये लिऑंच्या जाकारने १८०४ च्या सुमाराला घडवली. त्याचंच एक रेशमी चित्र १८३९ मध्ये विणलं गेलं, त्याला सुमारे चोवीस हजार पुठ्ठे लागले. गणनयंत्राचा आराखडा करणाऱ्या चार्ल्स बॅबेजने ते स्वतःजवळ ठेवलं होतं, पाहुण्यांना दाखवायला. आपण जो संगणक टेबलावर तीन-तीन ठेवतो, त्याच्या कुळात माग आहे, हे मामांना सांगितलं तर ते म्हणाले, “म्हणूनच एवढा अडतोय की.”

३.००

मालक वर आले. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

“मास्तर, तुमचा माऊस या कंप्युटरवरनं त्या कंप्युटरवर जातोय म्हणं.”

“जातो की मालक.”

“मग हिशेबाच्या कंप्युटरवर बी जाईल?”

“जाईल.”

“मग मॅडम सुट्टीवर असल्या की ई-वे बिल तुम्हीच टाकत जावा की. जागेवरनं उठायचं बी काम नाही.”

हिशेबाचा संगणक भिंतीपलीकडे, मॅडमच्या टेबलावर. टॅली, जीएसटी, बँक, सही करण्याचं डिजिटल टोकन, सगळं त्याच्यात. पन्नास हजारांवरचा माल राज्याबाहेर निघाला की ई-वे बिल लागतं आणि आमची गाडी बहुतेक रोज निघते. मालकांचं बोलणं चुकीचं नव्हतं. तांत्रिकदृष्ट्या अर्ध्या तासाचं काम. पण माझ्या डोळ्यांसमोर दुसरंच काही आलं.

या गावात एका माणसाने किती यंत्रं बघायची, हा जुना वाद आहे. साध्या यंत्रमागावर एक विणकर दोन माग बघतो, कुठे चार, कुठे सहा. मुंबईत १९२८ साली गिरणी कामगारांनी जवळजवळ सहा महिने संप केला, त्यामागे एका विणकराने दोनऐवजी तीन माग बघायचे, हेही एक कारण होतं. यंत्र सुधारलं की माणसाचं काम हलकं होईल असं आधी सांगतात, आणि हलकं झालेलं काम लगेच दुसऱ्या कामाने भरतात. माझ्या एका कीबोर्डखाली तीन संगणक आले ते माझ्या सोयीने. चौथा येतोय तो एका माणसाच्या पगाराच्या हिशेबाने. वायरीला हा फरक कळत नाही.

हे सगळं मालकांना ऐकवून उपयोग नव्हता. मी म्हटलं, जोडून दाखवतो. मॅडमच्या परवानगीने त्यांच्या संगणकावर प्रोग्राम बसवला. त्यांच्या पडद्यावर एका पार्टीचा भाव होता, तो तिकडे निवडून कॉपी केला, बाण इकडे आणला आणि माझ्या रिकाम्या पानावर चिकटवला. भाव माझ्या पडद्यावर उमटला. कॉपी केलेली गोष्ट बाणाबरोबर पडदा ओलांडून येते, त्याशिवाय या प्रोग्रामांत अर्धी मजाच नाही. पण मॅडमनी बँकेचा पासवर्ड कॉपी केला, तर तोही तसाच ओलांडेल. माझ्याकडे दिवसभर जॉबर, खरेदीदाराचा माणूस, कॉलेजची शिकाऊ मुलं येऊन बसतात. शिवाय दाबलेली प्रत्येक कळ कारखान्याच्या नेटवर्कमधून जाते. या जातीच्या प्रोग्रामांच्या जुन्या आवृत्त्यांत ती उघड्यावरच जायची. आता कूटबद्ध करण्याची सोय आहे, पण ती चालू आहे ना, हे बघावं लागतं.

पासवर्डाचं मालकांना फार काही वाटलं नाही. भाव फुटल्याचं वाटलं. “हे काढा आधी,” म्हणाले. मॅडमच्या चेहऱ्यावर बऱ्याच वेळाने हसू आलं. त्यांना आणखी एक त्रास झाला होता, जो मी मुद्दाम सांगितला नव्हता: मी बाण तिकडे नेला, तेव्हा त्यांच्या हातातला माऊसही चालूच होता आणि एका बाणाला दोघं ओढत होतो.

४.१०

मालकांच्या मुलाचा फोन. त्याला घरी मॅकबुक आणि आयपॅड एका कीबोर्डवर चालवायचे आहेत. त्याला काहीच करायचं नाही. अॅपलने २०२२ च्या मार्चमध्ये युनिव्हर्सल कंट्रोल दिलं, दोन्ही यंत्रं एकाच खात्यावर असली की पुरे. सगळे संगणक विंडोजचेच असले तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं माऊस विदाउट बॉर्डर्स घ्यावं. ट्रुओंग डो नावाच्या तिथल्याच एका अभियंत्याने ते फावल्या वेळात लिहिलं, २०११ मध्ये लोकांना मिळालं, चार संगणकांपर्यंत चालतं, फुकट आहे. लॉजिटेकच्या काही माऊसांत फ्लो म्हणून अशीच सोय आहे, पण ती त्यांचाच माऊस असला तर.

विंडोज, लिनक्स, मॅक अशी खिचडी असली की सिनर्जीच्या कुळाकडे जावं लागतं. त्या कुळाची वंशावळ मात्र गुंत्याची. सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीत १९९६ मध्ये कॉस्मोसिनर्जी म्हणून काहीतरी होतं. २००१ मध्ये क्रिस शोनमनने ती कल्पना घेऊन सिनर्जी नव्याने लिहिली. पुढे ती विकत मिळू लागली, तेव्हा खुल्या भागातून बॅरियर निघालं. बॅरियर थंडावलं, तेव्हा त्याचे लोक २०२१ मध्ये इनपुट लीप करायला लागले. सिनर्जीचा खुला भाग २०२४ पासून डेस्कफ्लो या नावाने चालतो. सगळ्यांचा मूळ झरा एक, आणि बहुतेक सगळे अजून २४८०० याच पोर्टवर बोलतात. नवीन बसवणाऱ्याने डेस्कफ्लो किंवा इनपुट लीप घ्यावं, बॅरियर आता घेऊ नये. माझ्याकडे उजवा डबा लिनक्सवर आहे, म्हणून मी याच कुळातला.

स्क्रोल लॉकची एक गाठ इथे पडते. या कुळात एकदा स्क्रोल लॉक दाबलं की बाण त्याच पडद्यावर कोंडला जातो, कडेला आपटला तरी ओलांडत नाही. चित्र काढताना हे फार कामाचं, नाहीतर कडेची रेघ ओढता ओढता बाण शेजारी जातो. पण खोकाही याच कळेवर फिरतो, फक्त दोनदा. घाईत एकदाच दाबली की बाण कोंडलेला आणि खोका जागेवर, आणि मी पडद्याच्या कडेवर माऊस घासतोय. शिकाऊ मुलं हे बघून हसतात. कीबोर्डवर जी कळ कुणीच वापरत नाही, ती दोन वेगवेगळ्या लोकांनी एकाच विचाराने निवडली, याला काय करणार.

५.१५

टेबलाखाली वाकून वायरी बघतो. हे रोजचं झालंय. १८ मे २०२५ रोजी पहाटे याच औद्योगिक वसाहतीत एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जणांचा जीव गेला. लहान मूलही होतं त्यात. कापूस, सूत, लुपाची धूळ, जिथे बघाल तिथे पेट घेणारी वस्तू. दोन कीबोर्ड कपाटात ठेवल्याने आगीचा धोका कमी होतो, असं मी म्हणणार नाही, कीबोर्डात वीज असते ती किती. पण वायरी कमी झाल्या तेव्हा खालचा पसारा दिसू लागला, आणि एका एक्स्टेन्शन बोर्डात दुसरा, दुसऱ्यात तिसरा लावलेला सापडला. तो काढला.

५.४५

टेबलावर मोकळी झालेली जागा मी कशाला वापरतो, ते सांगायचं राहिलं. तिथे टॉवेल पसरतो. पूर्वी तीन कीबोर्डांच्या मागे, पडद्यांच्या पायांवर नमुना लोंबकळायचा आणि मी मान वाकडी करून लूप मोजायचो. आता नमुना समोर सपाट असतो, बाजूला भिंग आणि पट्टी. पडद्यावरचा मरून आणि सुताचा मरून कधीच एक नसतो. सूत ओलं असताना एक, वाळल्यावर एक, ट्यूबलाइटखाली तिसराच. रंग शेवटी हातात घेऊन दाराशी उन्हात बघावा लागतो. त्याला अजून कुठला प्रोग्राम निघालेला नाही आणि निघावा अशी माझी इच्छाही नाही.

सायंकाळी ७.००

पाळी बदलली. हॉटेलचं डिझाईन जुन्या मागावर जायचंय, कारण नव्या मागांवर दुसरी ऑर्डर चालू आहे. जुन्या मागाचा कंट्रोलर फ्लॉपी मागतो. सोनीनेसुद्धा फ्लॉपी बनवणं २०११ मध्ये बंद केलं, तेव्हा फ्लॉपीच्या खाचेत एक छोटं यंत्र बसवलंय. त्याला पेन ड्राइव्ह लावला की ते त्याचे शंभर कप्पे करून प्रत्येक कप्पा ही एक १.४४ एमबीची फ्लॉपी आहे असं कंट्रोलरला पटवून देतं. बटण दाबून कप्पा निवडायचा. मी सतरा क्रमांकाच्या कप्प्यात फाईल टाकली, खाली गेलो.

पहिल्या काही इंचांना मामा भिंग लावून उभे. हॉटेलच्या नावातला एक उकार बुजला होता. परत वर, स्क्रोल लॉक दोनदा, उकाराला एक लूप वाढवला, पेन ड्राइव्ह, खाली. या वेळी मामा काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे होकार. माग सुरू झाला.

७.४०

बंद करण्याचा क्रम उलटा. म्हातारा, मग उजवा, मग मधला. खोक्यावरचा हिरवा दिवा मधला संगणक बंद झाला की आपोआप जातो.

तुमच्याही टेबलावर दोन-तीन संगणक असतील आणि जोडायचा विचार असेल, तर बेलाशक जोडा. नेटवर्कवर असलेले प्रोग्रामने जोडा, फुकटात होतं. नेटवर्कवर नको असलेला खोक्याने जोडा, हजार-दीड हजारात काम भागतं. पण ज्याच्यावर बँक, पगार आणि सही आहे, आणि ज्याच्यासमोर रोज दुसरं माणूस बसतं, तो तसाच राहू द्या. त्याला स्वतःचा कीबोर्ड घेऊन द्या. तीन-चारशे रुपयांत चांगला येतो.